वर जाणाऱ्या लिंबाला वर कोण ढकलतं? (अभिजात यामिकीची तोंडओळख)

पट्टीचा फिटर

मागच्या रविवारी सांगलीला बहिणीकडे जेवायला होतो. भाची यंदा अकरावी सायन्सला. पानावर बसल्या बसल्या म्हणाली, "मामा, न्यूटनला आइन्स्टाइनने चुकीचं ठरवलंय ना? मग आम्हाला अजून त्या ढकलगाड्या आणि कप्प्या कशाला शिकवतात? डायरेक्ट क्वांटमच शिकवा ना!"

माझं आयुष्य गेलं वर्कशॉपमध्ये. त्या ढकलगाड्यांवरच घर चाललंय, त्यामुळे जरा लागलं. पण वाद न घालता पानातलं लिंबू उचललं आणि सरळ वर उडवून झेललं. विचारलं, "लिंबू हातातून सुटलंय आणि अजून वर चाललंय. अगदी त्या क्षणी त्याच्यावर कुठली कुठली बलं आहेत?"

भाची म्हणाली, खाली गुरुत्वाकर्षण आणि वर हाताचं बल. मेव्हणे बँकेत आहेत, त्यांनीही मान डोलावली. बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "हाताचा जोर असतो तोवर वर जातं, जोर सरला की पडतं. त्यात काय विचारायचं?"

तिघांचंही उत्तर एकच आणि तिघांचंही चूक. हात सुटला तिथेच हाताचा संबंध संपला. त्यानंतर लिंबावर बल एकच, त्याचं वजन, तेही खालच्या दिशेने (हवेचा किरकोळ विरोध सोडून देऊ). वर जाताना तेच, शेंड्यावर तेच, खाली येताना तेच. शेंड्यावर वेग शून्य होतो, पण त्वरण (दर सेकंदाला वेग किती बदलतो ते) तिथेही ९.८च. ते जर शून्य झालं असतं तर लिंबू तिथेच लटकून राहिलं असतं आणि आमटीला वेगळं लिंबू कापावं लागलं असतं.

आजींना हसू नका. "गती आहे म्हणजे ढकलणारं कुणीतरी आहे" हे ॲरिस्टॉटलपासून दीड-दोन हजार वर्षं भल्याभल्यांचं मत होतं. रोजचा अनुभवही तसाच. बैलगाडीचे बैल थांबले की गाडी थांबते. हातगाडी ढकलायची सोडली की चार पावलांत उभी. त्या थांबण्यामागे घर्षण नावाचा भिडू आहे आणि त्यालाही बल म्हणून हिशेबात धरायचं, हे ओळखायला गॅलिलिओ यावा लागला.

गॅलिलिओची अडचण आमच्या फिटर लोकांना लगेच कळेल अशी होती. वरून सोडलेली वस्तू पहिल्याच सेकंदात ४.९ मीटर खाली येते, आणि सेकंदाचे तुकडे मोजणारं घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. मग पठ्ठ्याने पडणंच संथ केलं. लाकडाच्या लांब फळीत गुळगुळीत खाच पाडली, फळी किंचित तिरकी केली आणि खाचेतून धातूची गोळी सोडली. वेळ मोजायला पाण्याचं भांडं. तळाच्या बारीक नळीतून गोळी घरंगळेपर्यंत जितकं पाणी पडलं ते तराजूत तोलायचं. पाण्याचं वजन म्हणजेच वेळ! निघालं असं, की पहिल्या ठोक्यात गोळी एक भाग गेली तर दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. बेरीज करत जा: १, ४, ९, १६. अंतर वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढतं. हे सगळं त्याने नजरकैदेत असताना लिहून काढलं आणि पुस्तक १६३८ साली हॉलंडमध्ये लायडनला छापलं गेलं.

मग न्यूटन. एडमंड हॅली १६८४मध्ये केंब्रिजला जाऊन त्याच्या मागे लागला, आणि १६८७ साली 'प्रिन्सिपिया' बाहेर पडलं. रॉयल सोसायटीचे पैसे त्याआधी माशांवरच्या एका जाडजूड ग्रंथात बुडाले होते, म्हणून छपाईचा खर्च हॅलीने स्वतःच्या खिशातून केला. (तो मासेवाला ग्रंथ खपला असता तर हॅलीचे पैसे वाचले असते.)

तीन नियम आपण सगळ्यांनी घोकलेत, ते परत देत नाही. त्यातला गाभा माझ्या भाषेत असा: बलाचं काम वेग बदलणं. वेग टिकवायला बल लागत नाही. म्हणून वस्तू आत्ता कुठे आहे, किती वेगाने कुठल्या दिशेला चाललीय आणि तिच्यावर बल किती, एवढं सांगा. पुढच्या क्षणी ती कुठे असेल ते काढता येतं, आणि तिथून त्याच्या पुढच्या क्षणी. एवढ्या शिदोरीवर लिंबूही येतं आणि चंद्रही.

चंद्राचा हिशेब पाचवी-सहावीतल्या मुलालाही जमेल. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या सुमारे ६० त्रिज्या लांब आहे, आपण एक त्रिज्या. आकर्षण अंतराच्या वर्गाने कमी होत असेल तर तिथे ते ३६०० पट कमी हवं. इथे वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, म्हणजे चंद्र ४.९ भागिले ३६००, साधारण १.४ मिलिमीटर पडायला हवा. आता चंद्राची कक्षा घ्या. तो सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर पुढे जातो. सरळ रेषा सोडून गोल फिरण्यासाठी त्याला तेवढ्यात किती आत वळावं लागतं? भूमितीने काढलं तरी १.४ मिलिमीटर. किलोमीटरभर पुढे आणि सुपारीच्या कातरणाएवढं खाली, असा चंद्र सतत पडतोय. लिंबू ज्या नियमाने पानात पडलं त्याच नियमाने.

नावाबद्दल थोडं. बल आणि गतीच्या न्यूटनच्या या शास्त्राला परिभाषेत 'अभिजात यामिकी' म्हणतात. यांत्रिकी म्हटलं की आपल्याकडे मेकॅनिकल इंजिनिअरिंग समजतात, म्हणून यामिकी. मराठीला अभिजात दर्जा २०२४मध्ये मिळाला, न्यूटनला तो क्वांटमवाल्यांनी (अणूच्या पातळीवरचं नवं शास्त्र मांडणाऱ्यांनी) शंभर वर्षांपूर्वीच देऊन टाकला!

भाचीच्या मूळ प्रश्नाचं, म्हणजे "चुकीचं ठरलंय तर शिकायचं कशाला" याचं उत्तर मी तिथे धड देऊ शकलो नाही. ताक आलं आणि विषय बदलला. जाणकारांनी प्रतिसादांत भर घालावी.

मास्तरीण

दंडवत! लिंबाचा प्रश्न मी दर वर्षी बारावीच्या पहिल्या तासाला खडूवर विचारते. साठ मुलांत दहा हात बरोबर वर आले तर तो दिवस चांगला.

माझी भर तिसऱ्या नियमाबद्दल. टेबलावर पुस्तक ठेवलंय. त्याचं वजन खाली, टेबलाचा रेटा वर, दोन्ही समान. विचारा, ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे का? वर्ग एका सुरात "हो". नाही रे बाळांनो! दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. क्रिया आणि प्रतिक्रिया नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. टेबल पुस्तकाला वर रेटतं, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली रेटतं ते. आणि पृथ्वी पुस्तकाला ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते. इथे मुलं हसतात. पुस्तक पृथ्वीला ओढतं? ओढतं, तेवढ्याच जोराने. पृथ्वीचं वस्तुमान अवाढव्य म्हणून तिला त्याचं काही वाटत नाही इतकंच.

शके १०७२

लेख छान. पण गुरुत्वाकर्षण भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी सांगितलंय, त्याचा एका ओळीत तरी उल्लेख हवा होता. आपलं आपल्याला कधी कळणार?

खवट खोबरं

आलं! मी दहाव्या प्रतिसादाला येईल म्हणत होतो, दुसऱ्यालाच आलं.

पट्टीचा फिटर

खवटराव, थांबा. मुद्दा टाकाऊ नाही.

सिद्धान्तशिरोमणी ११५० सालचा, म्हणजे या सदस्यांच्या नावातलंच शक. त्यातल्या गोलाध्यायात आचार्य स्पष्ट म्हणतात की पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे आणि ती आकाशातली जड वस्तू आपल्याकडे ओढते, म्हणून ती पडल्यासारखी दिसते. पुढे विचारतात, चहूबाजूंना सारखंच आकाश असताना ही पृथ्वी पडणार तरी कुठे? मला हा प्रश्न त्या उत्तरापेक्षाही आवडतो. शिवाय ग्रहाची 'तात्कालिक गती', म्हणजे त्या क्षणाची गती, ही कल्पनाही त्यांच्याकडे आहे. ती यामिकीच्या अगदी उंबरठ्यावरची. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख अजून तिथे आहे.

पण आकर्षण आहे म्हणणं वेगळं, आणि ते अंतरानुसार किती कमी होतं हे सांगून चंद्राचा १.४ मिलिमीटर काढून दाखवणं वेगळं. ते काम न्यूटनचं. दोघांनाही आपापल्या पाटावर बसवू.

घाटमाथा

आमचा ट्रकचा धंदा आहे, शिक्षण दहावी. बल-बिल काही आठवत नाही. पण एक विचारतो. बोरघाट उतरताना पोरांना कानीकपाळी ओरडून सांगतो की ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. तरी डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, आणि खाली येईपर्यंत ब्रेकचे लायनर जळल्याचा वास. याच्यामागे तुमच्या न्यूटनचं काही आहे का, की नुसतं मेकॅनिकचं म्हणणं?

पट्टीचा फिटर

साहेब, ह्याच्यासाठीच धागा काढला असं समजा!

१६ टन वजनाची गाडी घेऊ. खंडाळ्याहून खोपोलीला येईपर्यंत ती उंचीने सुमारे ५०० मीटर खाली येते. वर असताना तिच्यात उंचीमुळे जी ऊर्जा साठलेली असते (पुस्तकात स्थितिज ऊर्जा) ती वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची: १६००० × ९.८ × ५०० = ७ कोटी ८४ लाख ज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे, हवेत विरून जात नाही. काहीच अडवलं नाही तर ती सगळी वेगात जाईल, आणि खोपोलीत गाडी ताशी साडेतीनशे किलोमीटरने पोचेल. नुसत्या ब्रेकने अडवली तर तीच ऊर्जा उष्णता होऊन ड्रम आणि लायनरमध्ये जाते. किती उष्णता? साध्या पाण्याचे अडीचशे लिटर उकळीला आणता येतील इतकी. चार-सहा ड्रमांत एवढी आग कोंबल्यावर लायनरची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. पेपरात येतं 'ब्रेक फेल'.

खालच्या गिअरमध्ये गाडीच इंजिनला फिरवते. इंजिन हवा ओढून दाबत राहतं आणि ऊर्जेचा मोठा वाटा धुराड्यातून बाहेर जातो. ब्रेकच्या वाट्याला थोडीच राहते. न्यूट्रल केलं की हा वाटेकरीच गेला.

अजून एक, तुमच्या पोरांना सांगायला. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८०चे १०० केले तर वेग सव्वापट, पण ब्रेकला जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त.

घाटमाथा

अडीचशे लिटर उकळीला! हे केबिनमध्ये लिहून चिकटवतो.

कर्जत स्लो

अडाणी प्रश्न. चांद्रयान-३ चाळीस दिवस प्रवास करत होतं. म्हणजे चाळीस दिवस इंजिन चालू? एवढं इंधन मावलं कुठे?

कक्षाभ्रष्ट

सासूबाईंचं लिंबूच आहे हे, फक्त मोठं :)

इंजिन जवळजवळ सगळा वेळ बंद होतं. १४ जुलै २०२३ला उड्डाण, १ ऑगस्टला चंद्राच्या वाटेवर ढकललं, ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत, २३ ऑगस्टला उतरलं. या चाळीस दिवसांत इंजिन चाललं ते मिनिटांत मोजावं इतकंच. बाकी वेळ यान म्हणजे फेकलेला दगड. वेग टिकवायला बल लागत नाही, हे धागाकर्त्याचं वाक्य म्हणजे इस्रोच्या इंधनाच्या टाकीचा आकार आहे.

पण खरी गंमत इंजिन कधी चालवलं यात आहे. सुरुवातीची कक्षा लंबुळकी होती: जवळचं टोक जमिनीपासून सुमारे १७० किलोमीटरवर, लांबचं ३६,५०० किलोमीटरवर. जवळ असताना वेग सेकंदाला साधारण १०.३ किलोमीटर, लांब असताना फक्त १.६. समजा, दोन्हीकडे तितकंच इंधन जाळून वेग सारखाच थोडासा वाढवला. ऊर्जा वेगाच्या वर्गावर असल्यामुळे (घाटातला तोच नियम) वेग आधीच जास्त असताना दिलेला धक्का जास्त ऊर्जा देऊन जातो. इथे जवळजवळ साडेसहा पट. म्हणून प्रत्येक फेरीत यान पृथ्वीजवळ येण्याची वाट बघायची, तिथे धक्का द्यायचा आणि लांबचं टोक अजून लांब न्यायचं. झोपाळ्यावरच्या पोराला योग्य वेळी झोका देतो तसं. मंगळयानालाही २०१३मध्ये असंच नेलं होतं. रॉकेट लहान असलं तर न्यूटनकडून उसनवारी करावी लागते.

खवट खोबरं

+१. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. न्यूटन चूक की बरोबर? एका शब्दात सांगा. अर्थशास्त्रज्ञांसारखं "एकीकडे, दुसरीकडे" नको.

झुंजूमुंजू

एका शब्दात नाही, एका माणसात सांगते. उर्बँ ले व्हेरिए, फ्रेंच.

युरेनस गणितात बसेना. न्यूटनप्रमाणे जिथे हवा तिथून किंचित सरकलेला दिसे. ले व्हेरिएने न्यूटनवर संशय घेतला नाही. तो म्हणाला, पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह असेल आणि तो ओढत असेल. कागदावर त्याची जागा काढली आणि बर्लिनच्या वेधशाळेला पत्र धाडलं. २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री गाले यांनी दुर्बीण लावली. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून!

मग त्याच माणसाने बुध घेतला. बुधाची लांबट कक्षा स्वतःच हळूहळू फिरते. बाकीच्या ग्रहांची ओढ सगळी वजा केली तरी थोडं फिरणं उरायचं, आजच्या आकड्यात शंभर वर्षांत ४३ विकला. म्हणजे एका अंशाचा साधारण ८४वा भाग, तोही शतकात. ले व्हेरिएने पुन्हा तीच युक्ती केली: सूर्याजवळ अजून एक ग्रह असणार. नावसुद्धा ठरलं, व्हल्कन. लोकांनी वर्षानुवर्षं शोधला. तिथे ग्रह नव्हताच. १९१५मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सापेक्षता सिद्धांतातून ते ४३ विकला आपसूक निघाले.

बघा, चूक किती बारीक आहे. न्यूटनचा हिशेब इतका काटेकोर नसता तर ते ४३ विकला कुणाच्या लक्षातही आले नसते. भाचीला सांगा, आइन्स्टाइनला जागा मिळाली ती न्यूटनच्या वजाबाकीत.

कक्षाभ्रष्ट

क्या बात! पुरवणी: चांद्रयानाचा १० किलोमीटरचा वेग म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा तीस हजारावा भाग. वेगामुळे करायची सापेक्षतेची दुरुस्ती त्याच्या वर्गाएवढी, म्हणजे शंभर कोटींत एखादा भाग. मात्र जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ती दुरुस्ती केली नाही तर मोबाइलवरचा नकाशा एका दिवसात काही किलोमीटर भरकटेल. तिथे आइन्स्टाइन लागतोच.

एमेस्सी (अनुत्तीर्ण)

"डायरेक्ट क्वांटमच शिकवा" यावर बोलायचा मला अधिकार आहे, कारण मी तेच करायला गेलो होतो.

एमेस्सीच्या पहिल्याच सत्रात अभिजात यामिकीचा पेपर. मला वाटलं, परत कप्प्या. दांड्या मारल्या. पुढे क्वांटमच्या तासाला फळ्यावर पहिलंच अक्षर आलं H, म्हणजे हॅमिल्टनची राशी (साध्या उदाहरणांत गतिज अधिक स्थितिज ऊर्जा). हॅमिल्टनने ती १८३०च्या दशकात न्यूटनच्याच यामिकीसाठी मांडलेली. श्रोडिंगरने १९२६मध्ये क्वांटमचं समीकरण बांधलं ते तिच्यावर. मला H कळेना, त्यामुळे त्यापुढचं काहीच कळेना. कंसातला शब्द वाचा.

नंतर शांतपणे वाचलं तेव्हा अठराव्या शतकातला गणिती लाग्रांज आवडला. झोपाळा घ्या. न्यूटनच्या पद्धतीने साखळीचा ताण धरा, त्याचे घटक पाडा, मग तो समीकरणातून घालवा. लाग्रांज म्हणतो, ताण कशाला हवा? झोपाळा एका कोनातच हलतो. तो कोन घे, गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा कर, बाकीचं मी बघतो. त्याच्या १७८८च्या ग्रंथात एकही आकृती नाही, आणि हे त्याने प्रस्तावनेतच अभिमानाने सांगितलंय. माझ्यासारख्या चित्र काढून शिकणाऱ्याला जरा झोंबलंच.

आणि गणिती एमी नोएथर, १९१८. घाटाच्या हिशेबात "ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे" असं वर आलंय. का गेली पाहिजे? कारण निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत. नियम वेळेनुसार बदलत नसतील तर ऊर्जा राखली जाते, जागेनुसार बदलत नसतील तर संवेग (वस्तुमान गुणिले वेग). हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलं असतं तर बरं झालं असतं.

मास्तरीण

एमेस्सी, कंसातला शब्द खोडा आता.

पट्टीचा फिटर

सगळ्यांचे आभार. धागा भाचीला पाठवला. तिचं उत्तर, "मामा, एवढं सगळं वाचलं, आता एखादी गोष्ट करून दाखव, जी आपण घरी मोजू शकू." म्हणून काल परत सांगलीला गेलो आणि कॅरम काढला.

स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी साधारण ५ची. एकास तीन. सोंगटी स्थिर असताना स्ट्रायकर तिच्यावर नेमका मधोमध बसला तर संवेग आणि ऊर्जा दोन्ही राखून हिशेब येतो: स्ट्रायकर निम्म्या वेगाने पुढे, सोंगटी स्ट्रायकरच्या दीडपट वेगाने. कडेला घासून लागला तर दोघं फाकतात, पण तिप्पट जड असल्यामुळे स्ट्रायकर आपल्या मूळ रेषेपासून १९.५ अंशांच्या बाहेर वळूच शकत नाही, कितीही कट मारा.

कर्जत स्लो

आणि गोट्या? सारख्या वजनाच्या असल्या की मारणारी जागच्या जागी थांबते ना?

झुंजूमुंजू

टिचकीने हवेतून मारलेली असेल तर जवळजवळ थांबते. जमिनीवरून घरंगळत आलेली मात्र नाही. धडकेत तिचा पुढचा वेग जातो पण स्वतःभोवतीचं फिरणं उरतं, ते जमिनीला धरून तिला परत पुढे नेतं. आदर्श हिशेबात मूळ वेगाच्या २/७ वेगाने. फिटरकाका, १९.५ निघाले का?

पट्टीचा फिटर

पट्टीने पावडरीत रेष ओढली, कोनमापक मांडला आणि वीस कट मारले. मोबाइलवर शूटिंग करून भाचीने कोन मोजले. अठरा वेळा १९च्या आत. दोनदा २५ आणि ३१. भाची म्हणाली, न्यूटन पडला! शूटिंग सावकाश लावून बघितलं तर दोन्ही वेळा स्ट्रायकर मागच्या दुसऱ्या सोंगटीलाही लागला होता. ती मेव्हण्यांनी तिथे ठेवली होती. आजी म्हणाल्या, आता पावडर कोण पुसणार ते आधी ठरवा.